पावसाळ्यात चुरचुरणारा माइक

प्रश्न: ताई, दोन वर्षांपूर्वी साडेतीन हजारांचा कंडेन्सर माइक घेतला. त्यावर मी आत्याच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेते. उन्हाळ्यात तो बरा चालतो. जून लागला की मागे चुरचुर सुरू होते, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. मध्येच ‘ठक्’ होतं. माइकच्या नळीला हात लावला की गुणगुण वाढते, आणि आत्याचे ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. भाऊ म्हणतो, आतला ट्रान्झिस्टर बदलून टाक. उघडून पाहिलं तर वर जुन्या रुपयाहून थोडी मोठी सोनेरी चकती आहे आणि खाली दोन हिरवे बोर्ड. काय बदलू? – एक वाचक, राजापूर

उत्तर: आधी काहीच बदलू नका. तुमची पहिली तक्रार वाचूनच मला दोष कुठे असावा याचा अंदाज आला, कारण कोकणातून येणारे माइक माझ्या टेबलावर जुलैत येतात, मार्चमध्ये नाही.

आवाज पकडणारी ती सोनेरी चकती म्हणजे शंभराहूनही कमी पिकोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा अगदी छोटा भाग. एवढ्याशा कपॅसिटरमधून आवाजाचा खर्ज टिकवायचा, तर त्याच्यापुढे प्रचंड मोठा रोध, म्हणजे रेझिस्टर, लागतो. तुमच्या माइकात तो बहुधा एक गिगाओहमचा, म्हणजे शंभर कोटी ओहमचा असेल. आता विचार करा, त्याच बोर्डावर कारखान्यात सोल्डरिंगसाठी लावलेल्या फ्लक्सचा चिकट थर राहिला, कुणाचं बोट लागलं आणि वर राजापूरची दमट हवा. त्या थरातून वीज झिरपू लागते, तीही एकसारखी नाही, हिसक्यांनी. तुम्हाला ऐकू येणारी चुरचुर तीच. ट्रान्झिस्टर बिचारा निर्दोष असतो.

खात्री करून घ्या. नळी उघडून केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा हातभर अंतरावरून पाच मिनिटं बोर्डावर सोडा, चकतीवर नाही. चुरचुर तासाभरासाठी गेली तर दोष ओलीचा. ओल बोर्डावर आहे की चकतीवर, हे कळायला आणखी एक चाचणी लागते. वीज काढा, थोडं थांबा, चकतीच्या तारा सोडवा आणि त्यांच्या जागी 68 पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडा. नळी पूर्ण बंद करूनच ऐका, नाहीतर घरातल्या वायरिंगची गुणगुण आत शिरेल. चुरचुर तशीच राहिली तर दोष बोर्डात. थांबली तर चकतीत, आणि मग घरी हात घालू नका.

फेटच्या (भाऊ म्हणतो तो ट्रान्झिस्टर) गेटवर, म्हणजे चकतीची तार जिथे येते त्या पायावर, मीटर लावून व्होल्टेज मोजण्याचा मोह होईल. साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध दहा मेगाओहमच्या आसपास असतो, त्या गिगाओहमचा शंभरावा हिस्सा. तिथलं व्होल्टेज मीटर स्वतःच खाली ओढतो आणि भलताच आकडा दाखवतो. मोजायचं असेल तर माइकला फॅन्टम (केबलमधूनच माइकला मिळणारी 48 व्होल्टची वीज) चालू ठेवून खालच्या पिना मोजा: 1 आणि 2 मध्ये, मग 1 आणि 3 मध्ये. 48 व्होल्ट प्रत्येक पिनेवर 6.8 किलोओहममधून येतात. माइकने एकूण चार मिलिअँपिअर घेतले तर दोन्हीकडे 34 च्या आसपास दिसेल. आकडा किती हे फारसं महत्त्वाचं नाही, दोन्हीकडे सारखा हवा. काही व्होल्टचा फरक असेल तरच भावाचं म्हणणं विचारात घेऊ. (हे 48 आले नॉर्वेतून. 1966 मध्ये तिथल्या रेडिओसाठी नॉयमन कंपनीने केएम 84 हा माइक बनवला, तेव्हा स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी 48 व्होल्टची सोय आधीपासूनच होती.)

बोर्ड धुवायला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घ्या. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. गिगाओहमचा रेझिस्टर, फेटचे पाय, चकतीच्या तारांची टोकं, मागची बाजू सगळं दोनदा धुवा आणि पुन्हा बोट लावू नका. चकतीवर थेंबही पडता कामा नये. एवढ्यावर बरेचसे माइक बरे होतात. तुमच्याकडची हवा बघता मी आणखी एक करेन. फेटचा गेटचा पाय बोर्डातून सोडवून वर उचलायचा आणि चकतीची तार, रेझिस्टरचं टोक आणि तो पाय असा सांधा हवेतच जोडायचा. स्वस्त बोर्ड ओल धरतो, हवेतल्या सांध्याखाली झिरपायला बोर्डच उरत नाही. सोल्डरिंग करताना चकती काढून डब्यात झाकून ठेवा.

हात लावल्यावर वाढणारी गुणगुण सोपी आहे. मीटर बीपवर ठेवून एक टोक पिन 1 ला आणि दुसरं नळीच्या आतल्या उघड्या धातूला लावा. वाजलं नाही, तर रंगाच्या थरामुळे नळी जमिनीला जोडलेलीच नाही. स्क्रूखालचा रंग कानसून काढा आणि घट्ट आवळा.

नळीवर पेन्सिल हलकेच आपटून रेकॉर्ड करा. ‘टिंग’ असं काही उमटलं, तर सिग्नलच्या वाटेवरचे सिरॅमिक कपॅसिटर काढून तेवढ्याच मूल्याचे आणि व्होल्टेजचे पॉलिप्रॉपिलीनचे बसवा. काही सिरॅमिक हादऱ्याने स्वतः वीज निर्माण करतात. काही उमटलं नाही तर त्यांना हात लावू नका.

‘स’ मात्र सोल्डरिंगने सोडवू नका. अशा बऱ्याच चकत्या नॉयमनच्या के 67 या चकतीवरून घेतलेल्या असतात. ती चकती असलेल्या मूळ यू 67 माइकमध्ये, 1960 साली, चकतीचा वरच्या पट्टीतला उठाव आतलं सर्किट कमी करत असे. नकलेत चकती घेतली आणि ते सर्किट सोडलं. माइक आत्यांच्या तोंडापासून वीतभर, थोडा वर आणि किंचित बाजूला वळवून ठेवा. उरलेलं नंतर संगणकावर आठ ते दहा किलोहर्ट्झच्या आसपास तीन-चार डेसिबल खाली आणा. संगणकावर केलेलं परत फिरवता येतं, बोर्डावरचं तितक्या सहज नाही.

साहित्य गोळा करून सगळं व्हायला पंधरा दिवस जातील. तोवर ओव्या थांबवू नका. मोबाइलवर घ्या, जात्याची घरघर कमी यावी म्हणून फोन जात्यावर नको, आत्यांच्या जवळ ठेवा, आणि ओवी संपली तरी लगेच बंद करू नका. त्या पुढे काय बोलतात तेही येऊ द्या.