एमबीबीएसनंतर वकिली: मेडिकल कौन्सिलमध्ये करिअर होतं का?

लातूरहून एका आईंचं पत्र आहे. मुलगी एमबीबीएसची इंटर्नशिप करतेय. नीट-पीजी द्यायची नाही म्हणते. एलएलबी करून मेडिकल कौन्सिलमध्ये डॉक्टरांवरच्या तक्रारींचा निवाडा करायचाय. घरात सगळे डोक्याला हात लावून बसलेत.

ताई, हात आधी खाली घ्या. मुलीला आवड आहे, फक्त नोकरीचा पत्ता चुकलाय. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलवर निवाड्याला बसतात ते निवडून आलेले किंवा नेमलेले, बहुतेक मुरलेले डॉक्टर. त्या खुर्चीची जाहिरात निघत नाही. पण समोर बाजू मांडायला माणसं लागतात. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दलच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणं मांडता येतं. रुग्णानं केसपेपर मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात, आणि अर्धं भांडण त्या कागदांतच असतं: संमतीपत्रावर सही आहे पण ऑपरेशनचं नाव कोरं, भूल देतानाच्या नोंदीत मधली वेळच गायब. हे नुसत्या वकिलाला पटकन दिसत नाही, तुमच्या मुलीला दिसेल.

कौन्सिल ताकीद देतं, काही काळासाठी किंवा कायमचं नोंदणीतून नाव काढतं. भरपाई मात्र देत नाही. त्यासाठी ग्राहक आयोग. शिवाय २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात त्या आयोगाच्या एथिक्स बोर्डाकडे अपिलाची वाट डॉक्टरलाच लिहून दिलीय, रुग्णाला नाही. मला हे अजिबात पटत नाही. पण त्यामुळेच रुग्णांना हायकोर्टापर्यंत जाणारा जाणकार वकील लागतो.

एक गोष्ट तिला आजच सांगा. दोन्ही व्यवसाय एकत्र चालत नाहीत. मुंबईतल्या एका सर्जननं एलएलबी करून वकिलीची सनद मागितली, प्रॅक्टिस सोडायला मात्र तयार नव्हता. महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलनं नकार दिला आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायम ठेवला. सनद घ्यायची तर दवाखाना बंद. तेवढं धाडस नसेल तर मोठ्या हॉस्पिटलांचे मेडिको-लीगल विभाग किंवा विमा कंपन्यांचं क्लेमचं काम बघावं, तिथे सनद लागत नाही.

इंटर्नशिप पुरी करून कायम नोंदणी घेऊ द्या, मग तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी. फॉर्म भरण्याआधी ग्राहक आयोगाचे वैद्यकीय निष्काळजीपणाचे पाच-सहा निकाल तिच्या हातात द्या. न कंटाळता शेवटपर्यंत वाचले, तर घरात नीटचा विषय पुन्हा काढू नका.