स्पोकन इंग्लिशच्या वर्गात बातम्यांवर चर्चा ठेवली की सगळे गप्प बसतात, काय करू?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की मुलं वीस-पंचवीसची आहेत, ग्रामर बऱ्यापैकी झालंय, पण जगातली एखादी बातमी किंवा सामाजिक विषय फळ्यावर लिहिला की वर्ग मुका होतो. वाचून हसू आलं, तुमच्यावर नाही हो, माझी पहिली दोन वर्षं आठवली म्हणून. मी नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतला संध्याकाळी साडेसहा ते आठ बॅच घेते, पॅकहाऊसवर (एक्सपोर्टची द्राक्षं पॅक होतात तिथे) काम करणारे, नर्सिंगच्या मुली, एक-दोन काकू ज्यांची सून परदेशात आहे, असा सगळा मिक्स वर्ग. तेव्हा मी पण ग्लोबल वॉर्मिंग, वुमन एम्पॉवरमेंट, मोबाईल शाप की वरदान असलेच विषय द्यायचे आणि पोरं दहावीच्या निबंधातली वाक्यं म्हणून दाखवायची. 'नाऊअडेज' नं सुरुवात आणि 'सो वुई शुड टेक केअर' वर खल्लास. त्याला चर्चा कशाला म्हणायचं.

माझं मत विचाराल तर बातमी अशी निवडायची की तिच्यातलं मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. बाकी सगळं नंतर.

जानेवारी २०२४ ची गोष्ट सांगते. लाल समुद्रात येमेनमधले हुथी बंडखोर जहाजांवर हल्ले करत होते, मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली होती. मी एका इंग्रजी पेपरातल्या बातमीचे फक्त पहिले दोन परिच्छेद झेरॉक्स करून वाटले. मनात म्हटलं येमेन कुठाय हे तरी किती जणांना माहीत असेल. तर मागच्या बाकावर एक दादा बसायचे, पॅकहाऊसला सुपरवायझर, चार महिन्यांत 'प्रेझेंट मॅडम' च्या पुढे गेले नव्हते. ते उठले आणि म्हणाले, 'मॅडम, ऑइल कॅन वेट. ग्रेप्स नॉट वेट.' बस, एवढंच. वर्ग मागे वळून बघायला लागला. मग ते फळ्यापाशी आले आणि पनेट काढला, अर्धा किलोचा प्लास्टिकचा डबा, पेटीत असे दहा, वर ग्रेपगार्डचा कागद (द्राक्षं कुजू नयेत म्हणून घालतात तो), कंटेनरमध्ये टेंपरेचर शून्याच्या आसपास. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जायचे दिवस आता दोनेक आठवड्यांनी वाढणार. मणी टिकेल हो, पण देठ? आणि इथे अडले. 'देठ' ला इंग्लिशमध्ये काय म्हणतात? मी म्हटलं स्टेम. 'येस! फ्रूट गुड, बट स्टेम ब्राऊन. स्टेम ब्राऊन, बायर से नो.'

तिथे मी 'सेज नो' म्हणून टोकलं असतं ना, तर ते पुन्हा चार महिने बोलले नसते, याची मला खात्री आहे. चुका मी वहीत टिपत होते, शेवटच्या दहा मिनिटांत नाव न घेता पाच वाक्यं फळ्यावर लिहिली आणि सगळ्यांनी मिळून दुरुस्त केली. मधल्या वेळात नर्सिंगची एक मुलगी त्यांना प्रश्न विचारत होती, भाडं वाढलं तर ते कोण देणार, शेतकरी, एक्सपोर्टर का तिकडचं गिऱ्हाईक, आणि एका काकूंनी नकाशावर बोट फिरवत मराठीतच विचारलं की अहो मग हा तर वास्को द गामाचाच रस्ता झाला की. झालाच ना. तो १४९८ ला तिकडूनच कालिकतला आला, सुएझ कालवा उघडला १८६९ ला, आणि आमची थॉमसन द्राक्षं २०२४ मध्ये परत केप ऑफ गुड होपवरून. दीड तास कसा गेला कळलं नाही, आणि त्यात माझं बोलणं पंधरा मिनिटांच्या वर नसेल.

आता भाषेचं. बातमीवर बोलताना आपल्या लोकांची मोठी अडचण व्होकॅबची नसते असं मला वाटायला लागलंय, अडचण 'म्हणे' ची असते. मराठीत आपण किती सहज म्हणतो, 'त्यांनी म्हणे जहाजच पळवलं', आणि त्या एका शब्दात सांगून टाकतो की बाबा मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं सांगतोय. हीच मुलं इंग्लिशमध्ये आली की तो 'म्हणे' गळून पडतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काहीही छातीठोक सांगतात, जणू तिथे उभे होते. म्हणून मी एक पूर्ण तास फक्त 'म्हणे' वर घेते. गल्लीतली ऐकीव गोष्ट असेल तर अपॅरंटली. पेपरात आलंय पण पक्कं नाही तर रिपोर्टेडली. कुणावर आरोप आहे, सिद्ध व्हायचाय, तर अलेजेडली. आणि कोण म्हणालं ते माहीत असेल तर सरळ अकॉर्डिंग टू अमुक. हुथींचंच घ्या, ते सांगत होते की आम्ही इस्राएलशी संबंध असलेली जहाजं धरतोय, प्रत्यक्षात ज्यांचा काही संबंध नाही अशी पण जहाजं सापडली त्यात. म्हणजे 'दे अटॅक इस्राएली शिप्स' आणि 'दे से दे अटॅक इस्राएली शिप्स' यात फरक आहे, आणि तो फरक मुलांना एकदा कळला की फॉरवर्ड वाचतानाही कळायला लागतो. एका मुलानं तर घरी आजीच्या प्रत्येक वाक्यानंतर 'अलेजेडली' म्हणायला सुरुवात केली, आईची तक्रार आली माझ्याकडे.

हेडलाइनचं इंग्लिश वेगळं शिकवा, त्याचं ग्रामर निराळंच असतं. काल घडलेलं वर्तमानकाळात, पुढे घडणारं नुसत्या 'टू' नं, ए-अ‍ॅन-द गायब. 'गव्हर्नमेंट टू लिफ्ट ओनियन एक्सपोर्ट बॅन' याचं एकानं भाषांतर केलं 'सरकारला उचलणार कांदा निर्यात बंदी'. हसले सगळे, पण मग त्यालाच सुचलं की आपण पण बंदी 'उठवली' म्हणतोच की. या कांद्याच्या बातमीवर आमच्याकडे दोन तास गेले. ८ डिसेंबर २०२३ ला बंदी, ४ मे २०२४ ला उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान दर आणि वर ४० टक्के ड्युटी. आमच्याकडचं लोकसभेचं मतदान २० मे ला. तारखा फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या आणि मी काही बोलायच्या आत मागून प्रश्न आला, मॅडम, योगायोगाला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?

आकडे पण घोटून घ्या. लाख-कोटीवाल्या डोक्याला मिलियन-बिलियन पटकन उमगत नाही आणि मग मुलं वाक्याच्या मधेच थांबून हिशोब करत बसतात. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, एवढं पाढ्यासारखं पाठ हवं.

सामाजिक विषयांचं मात्र मी चुकून शिकले, ते सांगते. सप्टेंबर २०२३, अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार होऊन चार-पाच दिवस झाले असतील, जिकडेतिकडे तोच विषय, मला वाटलं मुलं यावर तरी तुटून बोलतील. फळ्यावर लिहिलं 'रिझर्व्हेशन, फॉर ऑर अगेन्स्ट'. दहा मिनिटांत वर्ग मराठीवर आला, आवाज चढले, मला कुणी ऐकेना. एक मुलगी मात्र अख्खा तास वहीत रेघोट्या मारत होती. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशी मीच फोन केला. म्हणाली, 'मॅडम, सगळे माझ्याबद्दलच बोलत होते आणि मला इंग्लिशमध्ये उत्तर देता येईना.' ती परत आलीच नाही क्लासला. ज्या विषयात समोर बसलेलाच कुणीतरी विषय होतो, त्यात मोडक्यातोडक्या भाषेत वाद लावून देणं म्हणजे एकाचे हात बांधून कुस्ती लावण्यासारखं आहे, आणि ती कुस्ती मी लावली होती.

जात, आरक्षण, धर्म हे मी बंद केलं नाहीये, पण फॉर-अगेन्स्ट बंद केलं. आता आधी नुसती माहिती, मागणी कोणाची, नेमकी काय, सरकारनं काय केलं, कोणत्या तारखेला. मग जोड्या, आणि जोडीदार त्यांचा त्यांनी निवडायचा. ज्याला पटत नाही त्यानं समोरच्याचं म्हणणं आधी इंग्लिशमध्ये सांगून दाखवायचं आणि समोरचा 'येस, दॅट इज व्हॉट आय मीन' म्हणेपर्यंत स्वतःचं काही बोलायचं नाही. वेळ खूप जातो याच्यात, कधीकधी स्वतःच्या मतापर्यंत पोचतच नाहीत, चालतं.

नवीन वर्ग असेल तर लांबचा विषय जवळच्याला जोडून घ्या. ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडिया अकाउंट बंद, १० डिसेंबर २०२५ पासून, दंड मुलांना किंवा आईबापाला नाही, कंपनीला, ४९.५ मिलियन ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत (घ्या, आकड्यांचा सराव पण झाला, चार कोटी पंच्याण्णव लाख). आणि इकडे आपल्या सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव, तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. कायदा चांगला का भोंगा? माझ्या वर्गातल्या काकू भोंग्याच्या बाजूनं इतक्या पेटल्या की पोरांना 'बट काकू, बट काकू' शिवाय बोलता येईना. काकूंचं इंग्लिश पोरांपेक्षा कच्चं आहे बरं का.

ऐकायला काय द्यायचं हे पण विचारलंय. बीबीसीचं सिक्स मिनिट इंग्लिश बरं आहे. व्हॉइस ऑफ अमेरिकाचं लर्निंग इंग्लिश मी वर्षानुवर्षं वापरलं, १९५९ पासूनचा कार्यक्रम, दीडेक हजार शब्दांत आणि मुद्दाम सावकाश वाचलेल्या बातम्या, पण मार्च २०२५ मध्ये अमेरिकन सरकारनं व्हॉइस ऑफ अमेरिकाचाच कारभार गुंडाळायला घेतला, त्यामुळे माझ्याकडे डाउनलोड केलेलं जुनं आहे तेच चालवते. आणि पूर्ण बातमी कधीच देऊ नका, दोन परिच्छेद खूप झाले.

तुमचं गाव कुठलं ते प्रश्नात नाहीये. तुमच्याकडे काय पिकतं, पोरं कुठे कामाला जातात, हे कमेंटमध्ये टाका, पहिल्या तासाला चालेल अशी एखादी बातमी मी शोधून देते. सोमवारी मला सुट्टी असते.