९८००एक्स३डी (एएमडीचा प्रोसेसर) घेतलाय, मदरबोर्डसाठी १४ हजारच उरलेत. बी६५० चिपसेटचा बोर्ड चालेल का, की एक्स८७०च घ्यावा?

बी६५० बिनधास्त घ्या. एक्स८७०वर चिपसेटची (बोर्डवरचे पोर्ट आणि स्लॉट सांभाळणारी) चिप तीच असते. फक्त यूएसबी४ आणि पाचव्या पिढीचा (पीसीआयई ५) ग्राफिक्स स्लॉट सक्तीचा केलाय, त्याचे पैसे लागतात. बी६५०च्या चौथ्या पिढीच्या १६ लेनवर (डेटाच्या वाटांवर) आजची मोठी कार्डंही अडत नाहीत. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.

मूळ सेटिंगवर हा प्रोसेसर जास्तीत जास्त १६२ वॅट घेतो, तेही रेंडरिंगसारख्या कामात. गेममध्ये बहुतेक वेळा शंभरच्या आतच. त्यामुळे '१२+२ फेज' (वीजपुरवठ्याचे भाग) वगैरे जाहिरातींच्या नादी लागू नका, सॉकेटशेजारच्या मॉस्फेटवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या चिपांवर) हीटसिंक आहे का तेवढं बघा. उघडे मॉस्फेट असलेले स्वस्त ए६२० बोर्ड नकोत. मे महिन्यात बंद खोलीत ते तापतात, बोर्ड प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि दोष बिचाऱ्या कूलरवर जातो. लिक्विड कूलर लावणार असाल तर आणखी जपा, कारण पंख्याची वाऱ्याची झुळूक सॉकेटभोवती पोचत नाही.

बी८४०ला मात्र फसू नका. नाव बी८५०च्या शेजारचं, पण ऐपत बी६५०पेक्षा कमी: प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) नाही आणि चिपसेटच्या लेन तिसऱ्या पिढीच्या.

खरी अडचण बायोसची (बोर्ड सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरची) येते. बी६५० बोर्ड २०२२चे, प्रोसेसर नोव्हेंबर २०२४चा. दुकानात जुना माल असेल तर त्याचा बायोस हा प्रोसेसर ओळखत नाही, स्क्रीन काळीच राहते आणि लोक चांगला बोर्ड परत करायला धावतात. म्हणून मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायोस बदलणारं) बटण असलेलाच बोर्ड घ्या. पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा, कंपनीच्या साइटवरून नवी फाइल घेऊन मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने सेव्ह करा, २४ पिन आणि ८ पिन पॉवर जोडा, खूण असलेल्या यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह लावून बटण दाबून धरा. दिवा लुकलुकणं थांबेपर्यंत वीज घालवायची नाही. वीज जाणाऱ्या भागात असाल तर यूपीएसवरच करा.

रॅम १६ जीबीच्या दोन स्टिक घ्या, डीडीआर५-६०००, सीएल३० (रॅमला लागणाऱ्या उशिराचा आकडा, कमी तेवढा बरा). चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. चारही भरल्या तर वेग खाली येतो. पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंगमुळे (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्यामुळे) काही मिनिटं काळी स्क्रीन दिसेल, तेव्हा घाबरून बटण दाबू नका. नंतर बायोसमध्ये एक्सपो (रॅमचा पूर्ण वेग लावणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर रॅम ४८००वर रांगत राहील.

एएम५मध्ये (या प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये) पिना प्रोसेसरवर नसतात, बोर्डवर असतात. पैसे देण्याआधी दुकानातच प्लास्टिकचं झाकण काढून मोबाइलच्या टॉर्चने सॉकेट बघा. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही.