कशापेक्षा कमी?

प्रश्न : ताई, जानेवारीत मी वहीच्या पहिल्या पानावर या वर्षाचे 11 संकल्प लिहिले. खर्च कमी, वीज कमी, पाणी कमी, पसारा कमी, अन्न वाया घालवायचं नाही, फाटलं-तुटलं ते आधी दुरुस्त करायचं, साधेपणाने राहायचं, असं बरंच काही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वही थांबली. आता अर्धं वर्ष सरलं. दिवे बंद करत मी घरभर फिरत असते, तरी विजेचं बिल वाढलंच. नवरा म्हणतो, "तुझी काटकसर महागात पडतेय." माझी प्रगती झाली की नाही, हे कळणार कसं? की सरळ पुढच्या जानेवारीत नव्याने सुरुवात करू?
— अर्धी वही कोरी असलेली वाचक

उत्तर : जानेवारीची वाट बघू नका. मी 27 वर्षं हिशेबनीस म्हणून काढली, अर्धवट वह्या मला नव्या नाहीत. अशा वेळी आम्ही करायचो तेच करा. कोऱ्या पानांवर एक तिरकी रेघ ओढा, 'नोंद नाही' लिहा आणि त्याखाली आजची तारीख टाका. मार्चपासूनचं आठवून-आठवून भरायला मात्र बसू नका. आठवणीतून भरलेली वही म्हणजे स्वतःची वकिली. मी एकदा अशी वही भरली होती. त्यात मी फार गुणी बाई दिसत होते.

आणि खंड पडला म्हणून सगळं वाया गेलं, असंही नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला होता, तो 2010 मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. तुमची वही थांबली, पण दिवे बंद करायची सवय राहिली ना? मग वहीपेक्षा सवय पुढे गेली.

आता खरी अडचण. तुमच्या यादीत 'कमी' हा शब्द पुन्हापुन्हा येतो. कशापेक्षा कमी? हिशेबात आरंभीची शिल्लक नसेल, तर अखेरच्या शिलकेला काही अर्थ नाही. तुमच्या वहीत ती शिल्लकच नाही, म्हणून सहा महिन्यांनी तुम्ही 'कळणार कसं' या प्रश्नावर येऊन थांबलात.

विजेची आरंभीची शिल्लक अजून मिळेल. गेल्या वर्षीची बिलं शोधा. त्यातली रक्कम बघू नका, मीटरवाचन बघा. रकमेत दर बदलतो, स्थिर आकार असतो, मागची थकबाकी मिसळलेली असते. त्यातून तुम्ही किती वीज वापरली ते कळत नाही. युनिट घ्या आणि बिल जितक्या दिवसांचं असेल त्याने भागा. एका बिलात 31 दिवसांत 124 युनिट असतील, तर रोजचे 4 झाले. दुसऱ्यात 27 दिवसांत 116 असतील, तर रोजचे जवळजवळ 4.3. दुसरं बिल लहान दिसतं, पण वापर तिथे जास्त आहे. तुमच्या बाबतीत याच्या उलटंही झालं असेल. तुलना करायची ती गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. उन्हाळ्याची थंडीशी केलीत तर तुम्हाला फक्त हवामान कळेल.

दिव्यांबद्दल एक सांगते, रागावू नका. 9 वॉटचा एलईडी दिवा पाव युनिटात जवळजवळ 28 तास जळतो. 15 लिटरची बादली 15 अंशांनी तापवायला तेवढीच पाव युनिट वीज लागते, थोडी जास्तच. म्हणजे आंघोळीचं एक बादली पाणी आणि एका दिव्याचा दिवसभराहून जास्त उजेड सारखेच. दिवे बंद कराच, पण घरभर फिरून दमण्याआधी पाणी तापवायच्या टाकीकडे बघा. आणि झोपलेल्या यंत्रांकडेही. बंद दिसणारं पण लाल ठिपका दाखवणारं यंत्र 1 वॉट खात असेल, तर वर्षाला पावणेनऊ युनिट जातात. अशी पाच-सहा यंत्रं मी माझ्याच घरात मोजली, आणि त्यातलं एक कशासाठी आहे ते कुणालाच सांगता येईना.

पाण्याला मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहा आणि सकाळी नळ उघडायच्या आधी पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर कुठेतरी गळती आहे, तुमच्या संकल्पाचा त्यात काही दोष नाही. मीटर नसेल तर ठिबकणाऱ्या नळाखाली 15 मिनिटं मापाचं भांडं ठेवा आणि आलेल्या पाण्याला 96 ने गुणा. 100 मिलिलिटर जमलं, तर दिवसाला साडेनऊ लिटरच्या वर झालं आणि वर्षाला साधारण साडेतीन हजार लिटर. एक वायसर बदलला की हे काम संपतं, ते रोज उठून पाळावं लागत नाही. असे संकल्प मला फार आवडतात.

खर्चाला मात्र महिन्याचा आकडा फसवा. एखाद्या महिन्यात विम्याचा हप्ता येतो, एखाद्यात फी, एखाद्यात छत गळतं. म्हणून बारा महिन्यांची सरकती बेरीज ठेवा. नवा महिना मिळवायचा, गेल्या वर्षीचा तोच महिना वजा करायचा. ही बेरीज हळूहळू हलते, पण हलली की त्यात काहीतरी खरं असतं. गेल्या वर्षीचे आकडे नसतील तर बँकेच्या उताऱ्यातून काढा. एका दुपारचं काम आहे, पण कंटाळवाणं, हे कबूल करते.

साबण, धुण्याची पावडर, दंतमंजन यांचा हिशेब मी वहीत ठेवतच नाही. उघडल्या दिवशी वेष्टनावर पेनने तारीख घालते आणि संपलं की दिवस मोजते. इतकी सोपी नोंद दुसरी नसेल. वाया जाणाऱ्या अन्नासाठी तीन महिन्यांतून एक आठवडा पुरतो. त्या आठवड्यात उष्टं-खरकटं आणि खराब झालेलं वेगळ्या पिशवीत टाकायचं आणि प्रवासाच्या बॅगा तोलायच्या काट्याला ती पिशवी अडकवायची. रोज तोलायला गेलात तर मार्चमध्ये पुन्हा थांबाल.

अकरातले तीन संकल्प ठेवा, बाकीच्यांवर रेघ मारा. 'साधेपणाने राहायचं' हा संकल्प मनात राहू द्या, पण मोजणीतून काढा. मोजायला गेलं की त्याचं काय होतं ते मी भोगलंय. एका वर्षी मी ठरवलं की महिन्यात 20 दिवस काहीच विकत घ्यायचं नाही. कॅलेंडरवर फुल्या मारायचे. फुल्या 20 च्या वर जायला लागल्या आणि मी खूश. वर्षअखेरीला बेरीज केली तर खर्च तिळमात्र कमी झाला नव्हता. उरलेल्या दहा दिवसांत मी 'पुन्हा जमेल की नाही' म्हणून दुप्पट उचलून आणत होते. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी 1975 मध्ये पतधोरणाविषयी लिहिताना असंच काहीसं म्हटलं होतं. एखाद्या आकड्याच्या आधाराने नियंत्रण करायला लागलं, की तो आकडा पूर्वीसारखा विश्वासाचा राहत नाही. ते बँकांबद्दल बोलत होते. मला माझं कॅलेंडर आठवलं.

नवऱ्याला पुढच्या वेळी रोजच्या युनिटांचा आकडा सांगा. त्यांचंच बरोबर निघालं तर तसं मान्यही करा.

प्रश्न : ताई, मी 26 वर्षांचा आहे, अरे-तुरे केलंत तरी चालेल. आईबाबांबरोबर राहतो. वर्षभरात घरातल्या वस्तू कमी करायचं मी ठरवलं आणि मोबाइलवर सगळ्यांच्या खरेदीची नोंद ठेवतोय. दर रविवारी तक्ता फ्रिजवर लावतो. गेल्या महिन्यात कळलं की बाबा नवीन वस्तू आणून कपाटामागे लपवतात. आईने तर बोलणंच टाकलंय. माझं चुकतंय का?
— तक्तेवाला

उत्तर : चुकतंय रे बाबा. आधी तो तक्ता काढ. हिशेबनीस तपासायला आला की लोक पावत्या दडवतात, हे मी कचेरीत बघितलंय. घरात तर त्यांना तुझ्याबरोबर जेवायलाही बसायचं असतं. बाबांच्या कपाटामागचं तुझ्या नोंदीत कधीच येणार नाही, म्हणजे तुझा आकडा आता खोटाच आहे.

नोंद फक्त स्वतःच्या वस्तूंची ठेव. काय आलं, काय गेलं, आणि गेलं ते कुणाच्या कामाला आलं की फक्त दुसऱ्या खोलीत गेलं. दुरुस्त केलेल्या वस्तूंसाठी वेगळं पान कर. ते पान भरायला लागलं की बाबा आपणहून विचारतील, त्यांच्याकडेही एखादी बंद पडलेली वस्तू असणारच. आईचं भांडं, आईचं कपाट, तिथे हात घालायचा नाही.

मोबाइल की वही, हेही तू विचारशील म्हणून सांगते. हानी मोतोको या जपानी पत्रकार बाईंनी 1904 मध्ये घरखर्चाची वही काढली. त्या धर्तीच्या वह्या जपानात आजही मिळतात. हाताने लिहिताना खर्च दुसऱ्यांदा नजरेखालून जातो, एवढाच वहीचा फायदा. मोबाइल बेरीज छान करतो. पण मोबाइलवरच खरेदी करत असशील, तर नोंद तरी दुसरीकडे ठेव.

प्रश्न : माझा या वर्षाचा संकल्प जूनमध्येच पूर्ण झाला. जुने कपडे दुरुस्त करून वापरायचे होते, सगळे झाले. आता उरलेल्या वर्षात काय करू?
— रिकामी सुई

उत्तर : काही करू नका. कपडे घाला. गुंड्या सुटतील तेव्हा सुई लागेलच.