घरचं चॉकलेट स्वस्त पडतं, ओव्हन आणि साचे घेतले नाहीत तर

प्रश्न : ऑफिसातले २२ सहकारी आणि दोन्ही मुलांचे मिळून १२ शिक्षक, अशा ३४ जणांना मी दर वर्षी व्हॅलेंटाइन डेला काहीतरी गोड देते. गेल्या वर्षी चॉकलेटचे तयार डबे क्रेडिट कार्डावर घेतले आणि ते पैसे फेडता फेडता एप्रिल उजाडला. यंदा सगळं घरीच करायचं ठरवलं आहे. हृदयाच्या आकाराचे दोन साचे, उत्तम चॉकलेट, क्रीम, वाळवलेली स्ट्रॉबेरी, पारदर्शक डब्या आणि रिबन अशी यादी केली आहे. सोबत एक छोटा ओव्हन हप्त्यांवर घ्यावा, म्हणजे पुढेही उपयोगी पडेल, असं वाटतं. माझ्या हिशेबाने निम्म्याहून जास्त पैसे वाचतात. निर्णय बरोबर आहे ना?

उत्तर : घरी करण्याचा निर्णय बरोबर आहे. यादी मात्र चुकली आहे, आणि ओव्हन तर अजिबात घेऊ नका.

तुम्ही पाठवलेले आकडे मी पुन्हा मांडून पाहिले. गेल्या वर्षीच्या तयार डब्यांचा खर्च १०० धरला, तर यंदाच्या कच्च्या मालाचा खर्च ३८ येतो. तुम्ही इथेच थांबलात आणि ६२ वाचले असं समजलात. पण तुमच्याच यादीत साचे २१ आणि डब्या-रिबन ३४ आहेत. शिवाय क्रीम भरलेलं चॉकलेट पहिल्यांदा करताना एक घाणा तरी शिकण्यात जातोच, त्याचे १२ धरा. बेरीज १०५. म्हणजे दुकानातून आणण्यापेक्षा घरी करणंच महाग पडतंय, आणि त्यात तुमची रात्र जाणार ती वेगळी. ओव्हन मी अजून यात धरलेलाच नाही. त्याची किंमत तुमच्या आकड्यांप्रमाणे ३०० च्या घरात जाते. दर वर्षी खरोखरच ६२ वाचले असते, तरी तो वसूल व्हायला जवळजवळ पाच वर्षं लागली असती.

घरगुती भेटींच्या हिशेबात हे नेहमी होतं. साखर आणि कोको आपण ग्रॅमवर मोजतो, पण खोकं, रिबन, साचा, छापील चिठ्ठी या गोष्टी ‘किरकोळ’ म्हणून सोडून देतो. ३४ ने गुणल्यावर त्या किरकोळ राहत नाहीत. तुमच्या यादीत आतला खाऊ ३८ चा आहे आणि त्याचं वेष्टन ३४ चं. घेणारा माणूस रिबन सोडणार, डबी बाजूला ठेवणार आणि चॉकलेट खाणार. हे ३४ तुम्ही कोणासाठी खर्च करताय, ते एकदा स्वतःला विचारून पाहा.

आता कच्च्या मालातली सगळ्यात महाग वस्तू, चॉकलेट. कोकोचा जागतिक भाव कितीतरी वर्षं बहुतेक काळ टनाला दोन ते तीन हजार डॉलरच्या आसपास असायचा. डिसेंबर २०२४ मध्ये तो बारा हजारांच्या वर गेला. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांतून येतो. तिथे हवामान आणि झाडांवरचा रोग या दोन्हींनी पीक खाल्लं. नंतर भाव बराच उतरला, पण कच्चा माल स्वस्त झाला म्हणून दुकानातली वडी लगेच स्वस्त होत नाही. म्हणून चॉकलेट भरपूर लागेल असा पदार्थ निवडूच नका, थोडक्या चॉकलेटमध्ये भागेल असा निवडा.

माझ्या मते ३४ जणांना एकच पदार्थ द्यायची गरज नाही. सहकारी आणि शिक्षक हे दोन वेगळे हिशेब आहेत.

सहकाऱ्यांसाठी चॉकलेट वितळवून ताटात पसरा, वर बिया आणि मनुका टाका आणि घट्ट झालं की हाताने तोडा. ४०० ग्रॅम चॉकलेट आणि १५० ग्रॅम बिया-मनुका घेतल्या तर ५५० ग्रॅम माल होतो, म्हणजे २२ जणांना माणशी २५ ग्रॅम. साचा नको, ओव्हन नको, आणि कामही जेमतेम अर्ध्या तासाचं. साच्यांचं गणित याच्याशी ताडून पाहा. दोन साचे, प्रत्येकात १५ खळगे. ३४ जणांना दोन-दोन म्हणजे ६८ नग, म्हणजे तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीत ओतायचं, आपटून हवेचे बुडबुडे काढायचे, फ्रीजमध्ये ठेवायचं, अलगद काढायचं, साचा पुसून कोरडा करायचा. कामावरून आल्यानंतरच्या संध्याकाळी हे करायला मी कोणालाच सांगणार नाही.

चॉकलेट वाया जाऊ नये म्हणून दोन गोष्टी सांभाळा, कारण वाया गेलेला घाणा हाही खर्चच आहे. पहिली, पाणी. वितळलेल्या चॉकलेटमध्ये ओल्या चमच्याचं थेंबभर पाणी जरी गेलं तरी ते क्षणात आवळतं आणि त्याचा रवाळ गोळा होतो. गरम पाण्यावर भांडं ठेवून वितळवणार असाल, तर वाफ आत जाणार नाही इतकं भांडं मोठं घ्या. दुसरी, तापमान. कोको बटर असलेलं चॉकलेट नुसतं वितळवून थंड केलं तर ते मऊ राहतं आणि वर पांढुरके डाग येतात. चव बिघडत नाही, पण देताना संकोच वाटतो. त्यावर सोपा उपाय आहे. दोन-तृतीयांश चॉकलेट वितळवा, विस्तवावरून उतरवा, उरलेलं एक-तृतीयांश बारीक चिरून त्यात घाला आणि ढवळत राहा. डार्क चॉकलेट असेल तर ३१-३२ अंश सेल्सिअसला आलं की पसरायचं. एवढी कटकट नको असेल तर कंपाउंड चॉकलेट घ्या. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, ते जसंच्या तसं घट्ट होतं आणि स्वस्तही पडतं. चव उन्नीस-बीस असते, पण बिया आणि चिमूटभर मीठ वर पडलं की ऑफिसात कोणाच्या लक्षातही येणार नाही.

हे सगळं एका मोठ्या डब्यात घालून चहाच्या टेबलावर ठेवा. माणशी डबी नको. त्यामुळे तुमचा पॅकिंगचा मोठा खर्च तर वाचतोच, पण आणखी एक गोष्ट होते. तुम्ही प्रत्येकाच्या टेबलावर रिबनची डबी ठेवलीत की समोरच्यालाही परतफेड करावीशी वाटते. एखाद्या नव्या, कमी पगाराच्या सहकाऱ्याला ते जड जाऊ शकतं. सामायिक डब्याचं ओझं कोणावर येत नाही.

शिक्षकांसाठी मी गरम कोकोचं कोरडं मिश्रण सुचवेन. १२५ ग्रॅम कोको पावडर, १७५ ग्रॅम साखर, ३०० ग्रॅम दूध पावडर, किंचित मीठ. चाळून एकत्र केलं की झालं, शेगडीही पेटवावी लागत नाही. ६०० ग्रॅमच्या १२ पुड्या केल्या तर प्रत्येकीत ५० ग्रॅम, म्हणजे दोन कप होतात. कोरडं असल्यामुळे ते कितीतरी आठवडे टिकतं. त्या एका दिवशी शिक्षकांकडे गोड पदार्थांचा ढीग जमतो आणि सगळं त्याच दिवशी संपत नाही. तुमची पुडी महिन्याने उघडली तरी चालेल. क्रीम भरलेलं चॉकलेट मात्र दिवसभर टेबलावर किंवा दप्तरात राहिलं तर खराब व्हायची भीती असते, म्हणूनही ते यादीतून काढा. पुडीला साधा जाड कागद आणि दोरा पुरे. लाल हृदयं छापलेला कागद १४ फेब्रुवारीच्या आधी महाग असतो आणि १५ तारखेला उतरतो. हवाच असेल तर तेव्हा पुढच्या वर्षासाठी घेऊन ठेवा.

तुमच्याच दरांनी या दोन्हींचा हिशेब केला. चॉकलेट, बिया आणि मनुका १५, कोकोचं मिश्रण ८, कागद-दोरा ४. एकूण २७. म्हणजे ७३ खरोखर वाचतात. हे पैसे कार्डाच्या मागच्या बाकीत भरा. बाकी शून्य असेल तर पुढच्या फेब्रुवारीसाठी वेगळे काढून ठेवा, म्हणजे हा खर्च पुन्हा कार्डावर जाणार नाही. सण असो की भेट, तारीख आधीच ठाऊक असलेला खर्च उधारीवर जावा, हे मला अजिबात पटत नाही.

‘एवढं साधं दिलं तर कमी वाटेल का?’ असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. अर्थतज्ज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांनी विद्यार्थ्यांना नाताळात मिळालेल्या भेटींबद्दल विचारलं, की भावना बाजूला ठेवून त्या वस्तूचं तुमच्या लेखी मोल किती? उत्तरं वस्तूच्या किमतीपेक्षा एक-दशांश ते एक-तृतीयांश कमी आली. म्हणजे देणाऱ्याने वस्तूवर केलेल्या खर्चाचा काही भाग घेणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. या मोजणीत भावना वगळली होती, हेही लक्षात घ्या. तुमच्याजवळ वाढवण्यासारखी नेमकी तीच गोष्ट आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. प्रत्येक पुडीला मुलाच्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी बांधा. ‘थँक यू’ एवढंच नको, काहीतरी नेमकं लिहू दे. अपूर्णांक कोणी समजावून सांगितले, पडल्यावर कोणी उचललं, असं काहीही. बारा चिठ्ठ्या एका बैठकीत लिहायला लावल्या तर मूल कंटाळेल, रोज दोन-तीन करून घ्या.

वर्गशिक्षिकेला इतरांपेक्षा मोठं काही देऊ नका. बऱ्याच शाळांमध्ये शिक्षकांनी काय आणि केवढ्यापर्यंतचं घ्यावं याचे नियम असतात. घरचे पदार्थ चालतात का, हेही आधी विचारून घ्या. चालत नसतील तर पुडीशिवाय चिठ्ठी द्या. चालत असतील तर चिठ्ठीच्या मागे पदार्थात काय काय आहे ते स्पष्ट लिहा. दूध पावडर आहे हे तर लिहाच. ऑफिसच्या डब्यावरही तसंच लिहा, आणि बियांऐवजी बदाम किंवा काजू वापरलेत तर ते मोठ्या अक्षरांत, कारण त्यांची ॲलर्जी काहींना जिवावर बेतू शकते.

खरेदी आठवडाभर आधी करा. मिश्रण केव्हाही करून ठेवता येईल. चॉकलेट १२ तारखेच्या संध्याकाळी करा, म्हणजे बिघडलंच तर १३ ची संध्याकाळ हाताशी राहते. ओव्हनच्या हप्त्याचा अर्ज भरला असेल तर तो आजच मागे घ्या.