कॅम्पसवरचं स्टेडियम: गावाला अडवता का येत नाही?

तुम्ही विचारलंय की, सरकारी विद्यापीठ कॅम्पसवर फुटबॉल स्टेडियम बांधायला निघालंय, गावात एवढा विरोध आहे, मग नगर परिषद परवानगी नाकारत का नाही? (फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन, हाताने खेळायचा.)

सरळ उत्तर: परवानगी देणं तिच्या हातातच नसतं. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्सचं प्रकरण बघा, म्हणजे घोडं कुठे पेंड खातं ते कळेल.

कोलोराडो स्टेट विद्यापीठाचं जुनं ह्यूज स्टेडियम १९६८चं, गावाच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी. वर टेकडीवर पांढऱ्या रंगात रंगवलेलं भलंमोठं इंग्रजी ‘ए’ अक्षर, खाली पार्किंगमध्ये सामन्याआधी शेगड्या पेटवून बसलेली जुनी मंडळी. जागा झकास, पण विद्यार्थ्यांना तिथवर जायचं म्हणजे गाडी किंवा बस. जॅक ग्रॅहॅम हे क्रीडा संचालक आले आणि त्यांनी कॅम्पसवर नवं स्टेडियम बांधायचं घोडं दामटलं. त्यांचा हिशेब खेळापुरता नव्हता. राज्याकडून मिळणारं अनुदान आटत चाललेलं, तेव्हा बाहेरच्या राज्यांतून जास्त फी भरणारी मुलं खेचायला स्टेडियम ही जाहिरात होईल, असा तो हिशेब.

विरोधात ‘सेव्ह अवर स्टेडियम ह्यूज’ नावाचा गट उभा राहिला. रहदारी, आवाज, शेजारच्या गल्ल्यांत होणारं पार्किंग, आणि जागेवरची उद्यानविद्येची हरितगृहं हलवावी लागणार, हे त्यांचे मुद्दे. मुद्दे रास्त होते, पण ऐकायचे कुणी? कॅम्पसची जमीन राज्याची, त्यामुळे शहराचे झोनिंगचे, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येईल याचे, नियम तिथे लागू होत नाहीत. शहर फार तर सल्ला देणार आणि रस्ते-पार्किंगबद्दल करार करणार. तो झालाही. निर्णय विद्यापीठाचा कारभार बघणाऱ्या बोर्ड ऑफ गव्हर्नर्सचा, आणि त्या बोर्डाचे मतदानाचा हक्क असलेले सदस्य राज्यपाल नेमतात. गावाने त्यांना निवडलेलं नसतं, तेव्हा पाडण्याचाही प्रश्न नाही.

आता पैसा. तुम्ही लक्ष ठेवायचं ते इथे. २०१२ मध्ये बोर्डाने हिरवा कंदील दिला तो अटीवर: निम्मा खर्च आधी देणग्यांतून उभा करा. दोन वर्षांची मुदत संपली, देणग्या त्याच्या जवळपासही पोहोचल्या नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये ग्रॅहॅमना नारळ मिळाला. योजना तिथेच गुंडाळली जाईल असं कुणालाही वाटलं असतं. पण विद्यापीठाचे अध्यक्ष टोनी फ्रँक यांनी नवे पर्याय मांडले आणि डिसेंबरमध्ये बोर्डाने सुमारे २२ कोटी डॉलरच्या बांधकामाला मंजुरी दिली. पैसे रोख्यांतून, म्हणजे गुंतवणूकदारांकडून घेतलेल्या कर्जातून. अट पाळली गेली नाही, म्हणून अट बदलली.

करदात्यांचा पैसा नाही, विद्यार्थ्यांची फी नाही, स्टेडियम स्वतःच्या कमाईतून कर्ज फेडेल, हे आश्वासन होतं. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण रोखे विद्यापीठाच्या नावावर असतात. तिकिटं खपली नाहीत म्हणून हप्ता थांबत नाही. मिनेसोटा विद्यापीठात निदान उघड होतं: तिथे २००९ साली उघडलेल्या स्टेडियमला राज्याने थेट पैसे दिले आणि विद्यार्थ्यांवर वर्षाला २५ डॉलर शुल्क बसलं.

फोर्ट कॉलिन्सचं स्टेडियम २६ ऑगस्ट २०१७ला उघडलं, ओरेगन स्टेटला ५८–२७ हरवून. पुढे एका क्रेडिट युनियनने, म्हणजे पतसंस्थेने, स्टेडियमला आपलं नाव देण्याचे हक्क घेतले.

गावाने उट्टं काढलं ते ह्यूजच्या रिकाम्या जागेवर. विद्यापीठाला ती घरबांधणीसाठी विकायची होती. इथे मात्र झोनिंगचा प्रश्न शहरापुढे आला, म्हणून लोकांनी सह्या गोळा करून तो मतपेटीत नेला. एप्रिल २०२१ मध्ये सुमारे ६९ टक्के लोकांनी जागा मोकळी ठेवायचा कौल दिला आणि शेवटी शहराने ती विकत घेतली. मग तिथे सायकल पार्क हवा की नुसतं माळरान, यावरून गावातच जुंपली, ते वेगळंच.

म्हणून रहदारीच्या सभेत घसा कोरडा करण्याआधी दोन कागद मागवा: बोर्डाचा ठराव, त्यातल्या अटींसकट, आणि रोख्यांचं माहितीपत्रक. परतफेडीला कुठलं उत्पन्न तारण ठेवलंय, ते त्यात लिहिलेलं असतं. आणि तुमच्याकडच्या जुन्या मैदानाचं पुढे काय करणार आहेत, हे कुणी विचारलंय का?