सिंगापूर ते न्यूयॉर्क थेट विमान: अंतर भागिले वेग केलं तर 17 तास येतात, मग तिकिटावर साडेअठराच्या वर का?

तुमचा भागाकार बरोबर आहे. सिंगापूरचं चांगी विमानतळ ते न्यूयॉर्कचं जेएफके विमानतळ हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर सुमारे 15,350 किमी. ताशी 900 किमीच्या वेगाने साधारण 17 तास. पण विमान सहसा त्या रेषेवरून जात नाही.

आधी अंतर पडताळून घ्या, कागद-पेन पुरतं. चांगी 1.4 अंश उत्तरेला, जेएफके 40.6 अंशांवर आणि दोन्हींच्या रेखांशांत जवळजवळ 178 अंशांचा फरक. म्हणजे सर्वांत जवळची वाट थेट उत्तर ध्रुवाला लागून. ध्रुवापर्यंत 88.6 अंश, पलीकडे 49.4, बेरीज 138, गुणिले दर अंशाला 111.2 किमी. झालं. (ॲपमध्ये 8,290 दिसलं तर ते नॉटिकल मैल, 9,540 दिसलं तर साधे मैल.)

आता वारा. सिंगापूरहून निघालेलं विमान बहुतेक वेळा पॅसिफिकवरून जातं, कारण तिथली जेट स्ट्रीम (खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा) पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. समजा वाट लांबून 16,600 किमी झाली, पण मागून सरासरी ताशी 100 किमीचा वारा मिळाला, तर साडेसोळा तासांत काम होतं. जवळच्या वाटेवर समोरून 50 चा जरी वारा आला तरी 18 तास लागतात. परतीचं विमानही अनेकदा अटलांटिक ओलांडून पूर्वेकडेच जातं, ते याचमुळे. शिवाय रशियाची हवाई हद्द टाळायची असली की उत्तरेची वाट आणखी आखडते.

वारा रोज बदलतो, पण वेळापत्रक महिने आधी ठरतं. तिकिटावरची वेळ गेट ते गेट धरतात: धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, चढण, उतरण, वर थोडी राखीव वेळ. म्हणून 18 तास 40 मिनिटं लिहिलेलं विमान अर्धा-पाऊण तास लवकर टेकलं तर नवल नाही.

फ्रँकफर्टमार्गे गेलात तर अंतर 16,450 किमीच्या आसपास, म्हणजे जेमतेम 1,100 किमी जास्त. तरी एकूण 24 तासांच्या घरात जातात, कारण थांबा आहेच, शिवाय दोन्ही टप्पे वाऱ्याच्या विरुद्ध. तरीही इकॉनॉमीत बसायचं असेल तर हाच पर्याय बघा; थेट मार्गावरच्या ए350-900 यूएलआर (खूप लांब पल्ल्याच्या) विमानात 161 सीट आहेत, सगळ्या बिझनेस किंवा प्रीमियम इकॉनॉमीच्या.

खरा घोळ तारखेत होतो. न्यूयॉर्क हे सिंगापूरपेक्षा उन्हाळ्यात 12, हिवाळ्यात 13 तास मागे. उन्हाळ्यात सिंगापूरहून 5 तारखेला रात्री 11:30 ला निघालात तर 6 ला सकाळी 6:10 ला पोचाल. उलट न्यूयॉर्कहून 5 ला रात्री 10:30 ला निघालात तर सिंगापूरला 7 ची पहाट उजाडते. परतीचं हॉटेल 6 चं बुक केलंत तर एक रात्र फुकट जाईल.